सोसायटीच्या भिंतीपलीकडचा प्राणी लांडगा की कुत्रा, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सासवड रोडला नवी सोसायटी, मागे भिंत आणि भिंतीपलीकडे मोकळा माळ, आणि ग्रुपवर दोन व्हिडिओ फिरतायत. पहिल्यात एक करडा, जाड केसांचा, दांडगा प्राणी गेटपाशी उभा राहून भुंकतोय. दुसरा सीसीटीव्हीचा आहे, पहाटेचा, त्यात एक बारीक, उंच पायांचा प्राणी भिंतीच्या कडेने नुसता जातोय. ग्रुपवर सगळे पहिल्याला लांडगा म्हणतायत आणि दुसऱ्याला "उपाशी भटकं कुत्रं आहे" म्हणून सोडून दिलंय. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून माझं उत्तर बरोबर उलटं आहे. पहिला कुत्रा आहे, आणि तोही बहुतेक कोणाचा तरी सोडून दिलेला हस्की किंवा हस्की मिक्स. दुसरा लांडगा असण्याची चांगली शक्यता आहे.

मी बरीच वर्षं पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांवर लांडग्यांचं काम करतोय, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावणं, माग काढणं, विष्ठा गोळा करणं, मेंढपाळांच्या वाड्यावर जाऊन कोणाची मेंढी कधी गेली ते लिहून घेणं वगैरे, आणि ही उलटापालट मला सतत दिसते. कारण लांडगा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो बर्फातला, केसाळ, रुंद मानेचा, अमेरिका-सायबेरियातल्या फोटोतला. आपला लांडगा तसा नाहीच. भारतीय लांडगा साधारण १७ ते २५ किलोचा, म्हणजे वजनाने गल्लीतल्या एखाद्या धष्टपुष्ट कुत्र्याएवढाच, पण पायाने लांब त्यामुळे उंच वाटतो. केस आखूड, रंग मातकट करडा आणि त्यात तांबूस झाक, पोटाकडे आणि पायाच्या आतून फिकट. उन्हाळ्यात तर इतका हडकुळा दिसतो की बघणाऱ्याला दया येते. म्हणून होतं काय, की खरा लांडगा समोरून गेला तरी लोकांना तो कुत्रा वाटतो आणि जाड केसांचा पाळीव कुत्रा दिसला की घाबरगुंडी उडते.

आता ओळखायचं कसं. माझा सल्ला असा की लांडगा सिद्ध करायच्या मागे लागू नका, आधी तो कुत्रा आहे का हे तपासा, ते खूप सोपं आहे. शेपटी पाठीवर वळलेली किंवा वर गोल झालेली असेल तर कुत्रा, विषय संपला. कान लोंबते असतील तर कुत्रा, कारण मोठ्या लांडग्याचे कान उभेच असतात, फार तर मागे पाडतो. अंगावर पांढरे-काळे ठिपके, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, कपाळावर पांढरा पट्टा, हे सगळं कुत्र्याचं. कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला तर तो नसबंदी झालेला कुत्रा, महापालिका आणि संस्था ती खूण मुद्दाम करतात. गळ्यात पट्टा असेल तर काही सांगायलाच नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भुंकणं. लांडगा अजिबात भुंकत नाही असं नाही, पिल्लं जवळ असताना कोणी अचानक आलं तर एखाद-दुसरा दबका भुंकार देतो, पण गेटसमोर उभं राहून वॉचमनवर दहा मिनिटं भुंकत राहणं हे फक्त कुत्राच करेल. तुमचा पहिला व्हिडिओ इथेच निकालात निघतो.

या चाळणीत जो प्राणी कुत्रा ठरत नाही, म्हणजे शेपटी खाली, कान उभे, रंग मातकट, आवाज नाही, त्याच्याकडे मग नीट बघायचं. इथे बहुतेक लोक चेहऱ्याकडे झूम करतात, डोळे पिवळे आहेत का वगैरे. लांडग्याचे डोळे पिवळसर तपकिरी असतात हे खरं, पण फिकट डोळ्यांचे गावठी कुत्रेही भरपूर असतात आणि रात्रीच्या टॉर्चमध्ये तर सगळ्यांचेच डोळे चमकतात, त्यातून काही कळत नाही. मी स्वतः व्हिडिओ आला की चेहरा सोडून चाल बघतो. मेंढपाळही तेच करतात, अर्धा किलोमीटरवरून रंग कुठे दिसतो, पण चाल दिसते, आणि ते एका नजरेत सांगतात की कुत्रं आहे का लांडगा.

चालीत काय बघायचं ते सांगतो. लांडगा चालतो तेव्हा त्याचे पाय एका ओळीत पडतात. छाती अरुंद आणि खोल, पुढचे दोन्ही पाय एकमेकांच्या अगदी जवळ, आणि मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या लगेच पुढे पडतो. त्यामुळे मऊ मातीवर त्याचा माग शिवणीच्या टिपेसारखा सरळ निघतो. पाठ जवळजवळ हलत नाही, डोकं खांद्याच्या लेव्हलला किंवा थोडं खाली, शेपटी सरळ खाली सोडलेली, टोक काळपट. एका लयीत दुडक्या चालीने निघतो आणि त्याच लयीत नजरेआड होतो. रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर सहज चालणारा प्राणी आहे तो, पाय उगाच वाया घालवत नाही. कुत्र्याचं बघा, इथे हुंगलं, तिथे पाय वर केला, परत मागे आला, कचऱ्यात तोंड घातलं, मग पळाला, मग बसून खाजवलं. छाती रुंद असल्यामुळे चालताना अंग डावी-उजवीकडे हलतं, कोपरं बाहेर. तुमच्या दुसऱ्या व्हिडिओत तुम्ही लिहिलंय की "एकदाही न थांबता सरळ कडेने गेला, मान खाली, शेपटी खाली", मला त्यातलं हे वाक्यच जास्त पटलं.

त्याच व्हिडिओत अजून एक गोष्ट शोधा. लांडग्याच्या खांद्यामागून पाठीवर काळसर केसांचं खोगीर टाकल्यासारखा डाग असतो, हिवाळ्यात ठळक. सीसीटीव्ही रात्री ब्लॅक अँड व्हाइट होतो तेव्हा रंग जातो पण हा गडद-फिकट फरक राहतो. आणि कपाळ, बाजूने बघितलं तर लांडग्याचं कपाळ नाकाकडे हळूहळू उतरतं, कुत्र्याला डोळ्यांसमोर छोटी पायरी असते. जर्मन शेफर्ड मात्र दोन्ही बाबतीत फसवू शकतो, त्याच्या पाठीवरही खोगीर असतं आणि तोंडही लांब, पण त्याची मागची बाजू खाली बसलेली असते, मांड्या जड असतात, आणि आपल्या लांडग्यापेक्षा तो चांगला भारी दिसतो.

भिंतीपलीकडे मुरूम किंवा बांधकामाची बारीक वाळू पडली असेल तर सकाळी जाऊन ठसे बघा, पण एकटा ठसा बघून निर्णय नका देऊ. मोठ्या कुत्र्याचा आणि लांडग्याचा पंजा मापाने सारखा असू शकतो. आकार बघायचा. लांडग्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढे निघालेली, नखं पुढे आणि साधारण समांतर. कुत्र्याचा गोलसर, बोटं पसरलेली, बाजूच्या बोटांची नखं बाहेर वळलेली. एक युक्ती अशी, की ठशातल्या मधल्या दोन बोटांच्या मागच्या कडेला काडी आडवी ठेवा. लांडग्याच्या ठशात बाजूची बोटं काडीच्या मागेच राहतात किंवा जेमतेम शिवतात, कुत्र्याच्या ठशात बहुतेक वेळा काडीच्या पुढे येतात. मग त्या प्राण्याचे पुढचे दहा-बारा ठसे शोधा आणि ओळ सरळ आहे का नागमोडी ते बघा. फोटो काढताना बाजूला पेन किंवा पट्टी ठेवा आणि बरोबर वरून काढा, तिरपा काढला की आकार बदलतो.

विष्ठेवरूनही कळतं. लांडग्याची विष्ठा पायवाटेवर, वाटा मिळतात त्या ठिकाणी, कधी दगडावर किंवा गवताच्या झुबक्यावर, आणि त्यात केस ठासून भरलेले, हाडांचे तुकडे. वाळली की पांढरट पडते. कुत्र्याच्या विष्ठेत भात-पोळीचा लगदा, प्लास्टिक, जे खायला मिळालं ते. पण हात लावू नका, काडीनेही उचकू नका, त्यात जंतांची अंडी असतात आणि ती माणसाला लागू शकतात. फोटो पुरे.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलंय की रात्री "लांडगे ओरडतात". सासवड रोडच्या बाजूला रात्री जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा कोल्हे असतात. कोल्हेकुई म्हणजे एकाने सुरू केलं की चार जण मिळून बारीक, चिरका, वरखाली होणारा कालवा. लांडग्याचा हेल खोल आणि लांब असतो, एकच सूर हळू चढतो, टिकतो आणि उतरतो, आणि तो फार वेळा ऐकूही येत नाही. अँब्युलन्स गेली की गल्लीतले कुत्रेही हेल काढतात पण मध्ये भुंकणं मिसळतं, तिथे ओळख पटते.

कोल्ह्याचा विषय निघालाच आहे तर, मुंबई-ठाण्याचे लोकही मला व्हिडिओ पाठवतात. तिकडे खाडीकाठच्या कांदळवनात, विक्रोळी, ट्रॉम्बे, नवी मुंबई भागात जो दिसतो तो कोल्हा आहे. कोल्हा लांडग्यापेक्षा बराच लहान, आठ-दहा किलोचा, पाय आखूड, तोंड टोकदार, शेपटी झुपकेदार आणि आखूड. मुंबईत लांडगा नाही. पुण्याच्या कडेला मात्र लांडगा, कोल्हा, खोकड आणि तरस चौघेही आहेत. खोकड मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचं टोक काळं. तरसाची पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे, त्याला कुत्रा समजणं अवघड आहे पण रात्रीच्या व्हिडिओत तेही होतं.

आता एक गुंतागुंत, जी मला सगळ्यात जास्त त्रास देते. लांडगा आणि कुत्रा यांच्यात संकर होतो आणि पिल्लं पुढे प्रजननही करतात. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच पिवळट रंगाचे लांडग्यासारखे प्राणी दिसले होते, त्यांच्या जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये संकर झाल्याचं सिद्ध झालं. म्हणजे वर दिलेल्या खुणांमध्ये अर्ध्या लांडग्याच्या आणि अर्ध्या कुत्र्याच्या जुळल्या, उदाहरणार्थ चाल आणि बांधा लांडग्याचा पण रंग एकदम पिवळा किंवा काळा, शेपटी जरा वळलेली, तर तो प्राणी संकरितही असू शकतो आणि ते फोटोवरून कोणीच ठामपणे सांगू शकत नाही, डीएनए लागतो. हे का होतं, तर आपण माळरानाच्या कडेला सोसायट्या, हॉटेलं, कोंबड्यांचे शेड आणि त्यांचा उघडा कचरा नेला, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या, आणि लांडगे मुळात थोडे. देशात सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास अंदाज आहे, वाघांइतकेच किंवा त्याहून कमी. लांडग्याला जोडीदार मिळाला नाही की तो कुत्र्याबरोबर जोडी करतो. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज त्यांच्यात जातो. एका कळपात रोग शिरला की अख्खा कळप जाऊ शकतो.

म्हणून मागच्या भिंतीपाशी कुत्र्यांना खायला घालणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. कुत्र्यांना खायला घालायला माझा विरोध नाही, पण जागा बदला, माळाच्या बाजूला नको, सोसायटीच्या पुढच्या बाजूला ठरलेल्या वेळी घाला, उरलेलं उचला, आणि त्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घ्या. माणसांसाठी, कुत्र्यांसाठी आणि लांडग्यांसाठी एकाच वेळी उपयोगी पडणारी इतकी सोपी गोष्ट दुसरी नाही.

पिल्लांबद्दल पण सांगून ठेवतो कारण हिवाळा हाच तो सीझन आहे. आपल्याकडचे लांडगे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जुळतात, दोन महिन्यांनी पिल्लं होतात, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत माळावरच्या बिळात, ओढ्याच्या काठाला, कधी पडक्या नाल्याच्या पाइपात पिल्लं सापडू शकतात. ती अगदी कुत्र्याच्या पिल्लासारखी दिसतात, गडद चॉकलेटी, नाक आखूड, सुरुवातीला कानही पडलेले. मुलं खेळताना सापडतात, घरी आणतात, दूध पाजतात, आणि दोन दिवसांनी कोणीतरी म्हणतं हे वेगळंच दिसतंय. तोपर्यंत आई ती जागा सोडून गेलेली असते. वस्तीपासून लांब, बिळापाशी, एकाच गडद रंगाची पिल्लं दिसली तर हात लावू नका, गर्दी करू नका, लगेच मागे फिरा. आई जवळपासच असते, तुम्ही गेल्याशिवाय ती येणार नाही. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पकडणं, पाळणं, मारणं यासाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. "वुल्फ पप" म्हणून कोणी विकत असेल तर एक तर तो फसवतोय किंवा गुन्हा करतोय.

भीतीबद्दल. तुमच्या ग्रुपवर बहराइचचे व्हिडिओ फिरतायत असं तुम्ही लिहिलंय. २०२४ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये हल्ले झाले, लहान मुलं गेली, ते खरं आहे आणि त्या घरांचं दुःख मोठं आहे. पण ती परिस्थिती वेगळी होती, उघड्यावर झोपणारी मुलं, दारं नसलेली घरं, नदीकाठची गावं. आपल्या पट्ट्यात लांडगे पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांच्या वाड्यांच्या अवतीभोवती राहतात, रात्री वाघरीतून, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीतून, मेंढी उचलायला बघतात, आणि माणूस उठून काठी घेऊन आला की पळतात. तुम्हाला लांडगा दिसला तर तो बहुतेक आडवा उभा राहील, मान वळवून एकदा बघेल आणि निघून जाईल. तुम्ही पळू नका, पाठमोरे होऊ नका, लहान मूल असेल तर उचलून घ्या, आवाज मोठा करा, हळूहळू मागे या. पहाटे-रात्री लहान मुलांना माळाच्या बाजूला एकटं सोडू नये, पण हे मी गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीसाठीही तितकंच म्हणेन, किंबहुना जास्त.

एक परिस्थिती अशी आहे जिथे ओळखत बसायचंच नाही. प्राणी दिवसाढवळ्या माणसांत शिरतोय, जे समोर येईल त्याला चावतोय, लाळ गळतेय, तोल जातोय, तर तो लांडगा असो, कुत्रा असो, कोल्हा असो, रेबीज धरूनच चाला. २०२४ मध्ये ट्रॉम्बे-चेंबूर भागातल्या कोल्ह्यात रेबीज निघाला होता. चावा बसला तर जखम नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टरांना "रानटी प्राणी असू शकतो" हे स्पष्ट सांगा, कारण रानटी प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरतात आणि लसीबरोबर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. नंतर बाकीचे डोस चुकवू नका.

रस्त्यावर गाडीखाली मेलेला सापडला तर मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर, एक जादा नख आहे का बघा, हात न लावता. ते असेल तर त्यात कुत्र्याचं रक्त आहे. नसेल तर काहीच ठरत नाही कारण बऱ्याच कुत्र्यांनाही ते नसतं. जागेचा फोटो काढून कळवा, रस्त्यावरच्या मृत्यूंची नोंद आम्हाला फार उपयोगी पडते, प्राण्यांना रस्त्याखालून जायला अंडरपास कुठे मागायचा हे त्यावरून ठरतं.

आता तुमच्या दुसऱ्या व्हिडिओचं काय करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फॉरवर्ड झालेली कॉपी नको, डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) मूळ फाइल काढून घ्या, बरेच डीव्हीआर काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसतात म्हणून आजच काढा. त्याच्या आधीचे-नंतरचे अर्धा अर्धा तास पण ठेवा, मागून दुसरा प्राणी आला का ते कळेल, लांडगे बऱ्याचदा अंतर ठेवून दोन-तीन चालतात. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का तपासा. भिंतीची उंची मोजून सांगा, म्हणजे प्राण्याच्या खांद्याची उंची काढता येते, आपल्या लांडग्याची साधारण दोन फूट किंवा जरा वर असते. मग वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून नोंद द्या. "पकडून न्या" असं मात्र नका सांगू. तो तुमच्या सोसायटीच्या आधीपासून त्याच वाटेने जातोय, इथून उचलून दुसरीकडे सोडला तर तिथल्या कळपात तो टिकत नाही आणि इथे रिकाम्या जागेत दुसरा येतो. आणि लोकेशन पब्लिक ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी कॅमेरे आणि गाड्या घेऊन लोक माळावर येतात, पिल्लांच्या दिवसांत तर ते नकोच.